गेणबाची जोडी

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून कबुतरं उडवणारी माणसं असून असून किती असणार? पण जी होती ती एका माळेत ओवता येतील अशी नव्हती. अप्पा बारामतीच्या कोर्टात बेलीफ. लोकांच्या दारावर नोटिसा डकवणं हे त्याचं काम, त्यामुळे तो सायकलवरून येताना दिसला की अर्धी आळी दारं लावून घ्यायची. शंभूराज एसटीत कंडक्टर. पणदऱ्याचा एक जण साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांना नंबर लावायचा. बारामतीच्या कसब्यातला एक जण लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकायचा. एक वायरमन होता, एक प्राथमिक शाळेचा हेडमास्तर होता, आणि एक तर चक्क कीर्तनकार होता. तो एकादशीला लोकांना मोहमाया सोडा म्हणून सांगायचा आणि द्वादशीला पहाटे उठून मादीला भिजवलेले बदाम भरवायचा. ह्या मंडळींना एरवी एका पंगतीला बसवायचं म्हटलं असतं तर कुणाशेजारी कुणाला बसवावं ह्यातच भात गार झाला असता. पण आभाळात एक ठिपका दिसला, की सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वर.

त्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचा एक नियम होता. कबुतरांचं घर म्हणजे ढाबळ, ती बहुतेकांची धाब्यावर. त्या धाब्यावर चढताना पायातल्या चपला आणि धंदा, दोन्ही शिडीखाली ठेवून यायचं. वर कुणी साहेब नाही, कुणी शिपाई नाही. हा नियम काही थोर विचारातून आलेला नव्हता. एकदा वायरमननं हेडमास्तरांकडे पोराच्या दाखल्याचं काढलं, हेडमास्तरांनी त्याच्याकडे शाळेच्या मीटरचं काढलं, आणि बोलता बोलता दोघं असे हातघाईवर आले, की घाबरून उडालेली कबुतरं अंधार पडला तरी खाली उतरेनात. त्यानंतर सगळ्यांनी कानाला खडा लावला.

तरी प्रत्येकाला प्रत्येकाचा धंदा ठाऊक होताच. नव्हता तो फक्त म्हस्कूचा.

म्हस्कू मारकड डाळजचा. आज्याच्या काळात घरात मेंढरं होती, बापाच्या काळात ती गेली आणि थोडी शेती राहिली. म्हस्कूनं भिगवणला सोलापूर रस्त्याच्या कडेला एक गाळा घेतला. मंडळात पहिल्यांदा आला तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, "काय करता?" तर हा म्हणाला, "भिगवणला माझा गाळा हाय." आता भिगवणला गाळे मासळीचे, हॉटेलाचे, पंक्चरचे, ज्याला जो वाटला तो त्यानं धरला. हेडमास्तर तर कितीतरी दिवस समजत होते की हा टायर विकतो.

गाळा होता कोंबड्यांचा. ब्रॉयलर नुकतीच गावोगाव पोचली होती आणि रविवारी म्हस्कूपुढं रांग लागायची. पिंजऱ्यात हात घालायचा, कोंबडी काढायची, पंख एकात एक अडकवायचे, काम करायचं आणि न बघता डाव्या हाताच्या ड्रममध्ये सोडायची. ड्रममधली फडफड थांबेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करायचं. ह्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. पोटाचा धंदा, आणि तो चोख करायचा. पण मंडळाच्या बैठकीला निघायचं असलं, की हा गडी लिंबू घेऊन मोरीत बसायचा आणि नखं घासघासून लाल करायचा.

"कोंबड्या कापायची लाज न्हाय," तानूबाई, त्याची बायको, दारातून म्हणायची, "आन कबुतरवाल्यांची लाज. त्यांच्यातला एक तरी माळकरी हाय का, त्ये इचारा आदी."

"कीर्तनकार हायत."

"त्ये धरू नगा. घरोघर जेवत्यात त्ये."

तानूबाईला कारण माहीत होतं, तरी ती बोलायची. कारण होतं इंदापूरचे गेणबा.

गेणबांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळे म्हातारा खरा किती म्हातारा आहे ते कळायचं नाही. त्यांच्याकडं राखी रंगाची, पांढऱ्या डोळ्यांची कबुतरं होती. तशी कबुतरं ना बारामतीत होती, ना पणदऱ्यात. सकाळी सोडली की वर वर जाऊन आभाळात विरघळायची, आणि दिवस कलला की जिथून उडाली त्याच फळीवर येऊन बसायची. शेजारच्या धाब्यावर नाही, तारेवर नाही, त्याच फळीवर. म्हस्कूनं ती पहिल्यांदा बघितली त्या दिवशी त्याला घरी येऊन जेवण गेलं नाही. त्याची स्वतःची कबुतरं तशी बरी होती, पण दुपारची तहान लागली की मुकाट खाली यायची. त्याला गेणबांच्या घराण्यातली एक जोडी हवी होती. दुसरं काही नको होतं. चार वर्षं तो त्या जोडीसाठी म्हाताऱ्याच्या मागं होता.

गेणबा जोडी विकत नसत. कुणी कितीही म्हणो. देत असत, पण मनात भरलेल्या माणसालाच, आणि अशी त्यांनी उभ्या आयुष्यात एकच दिली होती. ती ज्याला दिली त्या भल्या माणसानं पाहुणे आले म्हणून दोन्ही कबुतरांचा रस्सा केला. तेव्हापासून म्हाताऱ्यानं ठरवलं होतं, आणि मंडळात चारचौघांत सांगितलंही होतं. "पाखरावर सुरी चालवणाऱ्याच्या हातात माझं पाखरू जायचं न्हाय. तो हात पाखराला कळतो."

हे म्हातारा बोलला तेव्हा म्हस्कू समोरच बसला होता. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले, आणि तेव्हापासून लिंबू सुरू झालं.

माघ सरता सरता मंडळाची शर्यत असायची. ज्याचं पाखरू सगळ्यांत जास्त वेळ हवेत राहून आपल्या ढाबळीवर उतरेल तो जिंकला. प्रत्येकाचं पाखरू आपापल्या गावी, आपापल्या धाब्यावरनं उडणार, मग खरंखोटं कुणी बघायचं? म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाच्या धाब्यावर त्या साली पाखरू न उडवणारा कुणीतरी पंच म्हणून बसवायचे. पंचानं सकाळी पाखराच्या पंखावर शाईचा शिक्का मारायचा आणि उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. मालकानं शीळ घालायची नाही, टाळी वाजवायची नाही. त्या साली म्हस्कू पंचांत होता, आणि त्याच्या चिठ्ठीत गेणबांचं नाव निघालं. हा माणूस चिठ्ठी हातात धरून कितीतरी वेळ नुसता बघत बसला.

शर्यतीच्या दिवशी गेणबांनी साळू सोडली. ती त्यांची सगळ्यांत जुनी मादी, निम्मी ढाबळ तिच्या पोटची. म्हस्कूनं तिच्या पंखावर शिक्का मारला तेव्हा तिनं त्याच्या बोटावर एक हलकी चोच मारली, आणि त्यालाच काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं झालं. साळू वर गेली, ठिपका झाली, मग ठिपकाही दिसेना. दोघं घोंगडीवर उताणे पडून आभाळ बघू लागले. हा छंद म्हणजे खरं तर एवढाच. दिवसभर उताणं पडायचं आणि काही दिसत नाही ते बघायचं.

दुपारी लीलाबाईंनी, म्हणजे गेणबांच्या मालकिणीनं, ताटं वरच आणून दिली. भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. म्हस्कू ताटाकडं बघत राहिला. पाखरावर सुरी चालवणाऱ्याला दारात उभं न करणारा म्हातारा समोर बसून मिटक्या मारत तंगडी चोखत होता, आणि ह्यात काही विचित्र आहे असं त्याच्या पिठाळ चेहऱ्यावर कुठंही दिसत नव्हतं. म्हस्कूचं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं. हाडाच्या चिपा निघाल्या होत्या. सांध्यावर कापायचं सोडून कुणीतरी नुसतं ठोकलं होतं. कुणाच्या गाळ्यावरनं आणली असेल हा प्रश्न त्याच्या ओठावर आला, तो त्यानं रश्शाबरोबर गिळला.

जेवण झाल्यावर गेणबा आडवे झाले. आभाळाकडं बघतच म्हणाले, "पाडव्याला ये."

"कशाला, आबा?"

"साळूच्या नातवांडातली एक जोडी काढून ठेवलीय. ने."

म्हस्कूनं साळू दिसते का ते बघायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्याला भीती वाटली, की तोंड उघडलं तर रडूच फुटेल. आणि म्हाताऱ्यासमोर रडायचं म्हणजे शोभा.

दिवस कलायला लागला तसे ज्यांची पाखरं आधीच उतरली होती ते एकेक करून गेणबांच्या धाब्यावर जमले. शंभूराज ड्युटीच्या खाकीतच आला. अप्पाचं कबूतर तर दुपारच्या आतच शेजारणीच्या वाळवणावर उतरलं होतं, तो बारामतीहून मिळेल ती गाडी धरून आला. बाकी सगळ्यांची पाखरं उतरल्याचे निरोप आले होते आणि साळू अजून वर होती, म्हणजे शर्यत गेणबांचीच. आता तिनं फळीवर उतरायचं तेवढं बाकी होतं.

थंडीत उजनीच्या पाण्यावर परदेशची पाखरं येतात आणि त्यांच्या मागं ससाणे येतात, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. साळू खाली येताना दिसली आणि तिच्या वर दुसरा ठिपका दिसला. गेणबा उठून बसले. शीळ घालायची नाही हा नियम, म्हणून म्हाताऱ्यानं तोंडावर स्वतःचाच हात दाबून धरला. वरचा ठिपका दगडासारखा खाली आला, दोन्ही ठिपके एक झाले, मग सुटे झाले. साळू आली. कशी आली ते तिलाच ठाऊक, पण आली, आणि आपल्याच फळीवर येऊन पडली.

एक पंख नुसत्या कातड्यावर लोंबत होता. गळ्याखालची पिशवी उभी फाटली होती आणि सकाळी खाल्लेले दाणे त्यातून बाहेर येत होते. जीव मात्र जात नव्हता. चोच उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. गेणबांनी तिला ओंजळीत घेतलं आणि खाली बसले.

"सोडवा रं हिला कुणीतरी," ते म्हणाले. "माझ्यानं व्हत न्हाय."

शंभूराजनं मान फिरवली. भरल्या गाडीतून दारुड्याला बखोटी धरून उतरवणारा माणूस, पण त्याचे हात खिशातून बाहेर निघेनात. अप्पा म्हणाला, "पाणी पाजून बघू का?" पाणी पाजून काय होणार होतं ते त्यालाही कळत होतं. साळूची चोच उघडत होती, मिटत होती.

म्हस्कू गप्प राहिला असता तर पाडव्याला जोडी त्याची होती. हे त्याला कळत होतं, चांगलं कळत होतं. पाखरू काय, आज ना उद्या आपोआप मेलंच असतं. पण एवढा वेळ कुठलंही पाखरू त्यानं जन्मात तडफडू दिलं नव्हतं, आणि ते बघवेना. "आणा, आबा," तो म्हणाला. त्यानं साळूला घेतलं, अंगठा आणि बोट मानेवर ठेवलं, आणि ती मोकळी झाली. कुणाला आवाजसुद्धा आला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. एखादा धीराचा माणूस एवढं करू शकतो, लोकांनी तसंच धरलं असतं. पण म्हस्कूचा हात पुढं चालला. त्यानं साळूचा धड पंख तुटक्या पंखात अडकवला, तिला उलटी केली, रक्त अंगावर येऊ नये म्हणून हात लांब धरला, आणि न बघता डावीकडं नेला. तिथं ड्रम नव्हता. तिथं गेणबांची घोंगडी होती. हात हवेत तसाच थांबला.

गेणबा त्या हाताकडं बघत होते.

"तुझा गाळा कशाचा रं?" त्यांनी विचारलं. धाब्यावर धंदा विचारायचा नाही हा नियम म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोडला.

"कोंबड्यांचा, आबा."

"कापायचा?"

"व्हय."

म्हाताऱ्यानं साळूला त्याच्या हातातून परत घेतलं, अडकवलेले पंख हळूच सोडवले आणि सारखे केले. "मोकळी केलीस त्ये बरं केलंस," ते म्हणाले. "पण पाडव्याला येऊ नगंस."

पंच म्हणून निकाल सांगायचं काम म्हस्कूचंच होतं. साळू जिंकली असं त्यानं सांगितलं आणि शिडी उतरला.

मंडळातून त्याला कुणी काढलं नाही. उलट झालं असं, की मंडळाला त्याची फार गरज पडायला लागली. पणदऱ्याला मांजरानं एक नर अर्धा खाल्ला, की भिगवणच्या एसटीडी बूथवर फोन. बारामतीत एकाचं पाखरू विजेच्या तारेत सापडलं, की निरोप. म्हस्कू गाळा बंद करून जायचा, काम करायचा आणि यायचा. लोक त्याला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, म्हस्कूराव म्हणायचे. पण त्याला आता वर कुणी बोलवत नव्हतं. पाखरू खाली घेऊन यायचे आणि शिडीखालीच त्याच्या हातात द्यायचे. त्याला ह्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं. तानूबाई चिडायची. "नगा जाऊ म्हणते मी. मढं उचलायला बरं तुमी लागता." तो म्हणायचा, "त्यांच्यानं व्हत न्हाय. पाखरानं का म्हणून भोगायचं?" आणि जायचा.

पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी गेणबांच्या ढाबळीत मानमोडी शिरली. कोंबड्यांना होते तीच, मान पिळते आणि पाखरू जागच्या जागी गिरक्या घेतं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, ह्याला औषध नाही. जी जगतील तीही आजार पसरवतील. मंडळाची बैठक बसली. एकाच्या ढाबळीतून दुसऱ्याच्या ढाबळीत जायला ह्या रोगाला तिकीट लागत नाही, असं शंभूराज म्हणाला, आणि कुणी हसलं नाही. गेणबांनी स्वतःच सांगितलं, "समदी काढायची. म्हस्कूला सांगावा धाडा."

अप्पा भिगवणला गेला. अप्पा दारात दिसला की माणसं घाबरतात, पण ह्या वेळी अप्पाच घाबरला होता. म्हस्कूनं ऐकून घेतलं, हातातलं गिऱ्हाईक उरकलं आणि फळी लावली.

इंदापुरात अप्पा खाली लीलाबाईंजवळ बसला. म्हस्कू शिडीपाशी उभा राहिला, नेहमीसारखा.

"वर ये," गेणबा वरून म्हणाले.

धाब्यावर ढाबळीचं दार उघडं होतं. काही पाखरं गिरक्या घेत होती, काही कोपऱ्यात मान पाठीला लावून बसली होती. म्हस्कूनं सोबत एक पोतं आणलं होतं. "तुमी खाली जावा, आबा. मी बगतो," तो म्हणाला.

"न्हाय. माझ्या हातानं देतो."

आणि म्हाताऱ्यानं एकेक पाखरू आपल्या हातानं काढून म्हस्कूच्या हातात दिलं. देताना सांगायचे, हा साळूचा थोरला. ही त्याची मादी, हिनं एकदा वादळात रात्र बाहेर काढली आणि सकाळी आली. हा खादाड, पण डोळा बघ कसा हाय. म्हस्कू डोळा बघायचा, व्हय म्हणायचा, आणि मग करायचा. त्यानं पंख अडकवले नाहीत, उलटं धरलं नाही. प्रत्येक पाखरू त्यानं पोत्यावर सारखं आडवं ठेवलं. चार वर्षं ज्या घराण्यातल्या एका जोडीसाठी तो झुरला ते अख्खं घराणं त्या दुपारी त्याच्या हातातून गेलं.

शेवटी दोन राहिली. एक नर, एक मादी, तरणी. मान सरळ, डोळा पांढराशुभ्र, पाय घट्ट. गेणबा दोघांना दोन हातांत घेऊन बराच वेळ उभे राहिले.

"ह्यास्नी काय झालेलं न्हाय," ते म्हणाले. "ही ने. तुझी हायती ही. तवा पाडव्याला द्यायची हुती तीच जोडी."

म्हस्कूनं हात पुढं केले आणि म्हाताऱ्यानं जोडी त्याच्या हातात ठेवली. दोन्ही पाखरं गप्प बसली. चुळबूळ नाही, फडफड नाही. छातीचं हाड कसं बसलंय ते त्यानं अंगठ्यानं चाचपून बघितलं, पंख उघडून एकेक पीस बघितलं, पुन्हा मिटलं. असं पाखरू त्याच्या ढाबळीत कधी आलं नव्हतं. डाळजला नेलं तर त्याची पाखरं जाणार होती, मग शंभूराजची, मग पणदऱ्याची. न नेता इथंच ठेवावं, तर हवेत उडणाऱ्या पाखराला कुंपण कोण घालणार? हे म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं.

"आबा," म्हस्कू म्हणाला, "ह्यांच्यातबी असंल."

"व्हय."

"मग?"

"मी दिली तुला," गेणबा म्हणाले. "आता तुझी हायती. काय करायचं त्ये तू ठरीव."

म्हातारा पाठ करून ढाबळीच्या फळ्या पुसायला लागला. पुसायला तिथं काही राहिलं नव्हतं. म्हस्कूनं जोडी छातीशी धरली. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, आणि ते त्याला मिळालं होतं, आणि त्यानं ते जेवढा वेळ धरवलं तेवढा वेळ धरून ठेवलं. मग आधी मादी आणि मग नर. पोतं त्यानं स्वतः खांद्यावर घेतलं आणि गिरणीमागच्या पडीक जागेत खोल खड्डा घेऊन पुरलं. अप्पानं फावडं धरलं.

त्यानंतर गेणबांनी ढाबळ पुन्हा भरली नाही. पण बैठकीला यायचे. एका बैठकीला मंडळात नवा आलेला एक जण, दूध डेअरीत फॅट बघणारा, आपला सहज विचारून गेला, की आबांच्या जुन्या पाखरांचं एवढं ऐकलंय, त्यातली जोडी कुणाला मिळाली होती का कधी.

"दिली की," गेणबा म्हणाले. "म्हस्कूला दिली."

सगळ्यांनी म्हस्कूकडं बघितलं. हे कुणालाच माहीत नव्हतं. अप्पासुद्धा त्या दिवशी खालीच बसला होता.

"व्हय," म्हस्कू म्हणाला. "लई चांगली जोडी हुती."